व्हिक्टोरिया ३ : मालाचा हिशेब पक्का, पैशाचा कच्चा

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओचा ‘व्हिक्टोरिया ३’ ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. १८३६ ते १९३६ अशी शंभर वर्षं, अख्ख्या जगाचा नकाशा आणि तुमच्या हाती एक देश. फौजा हलवून नकाशा रंगवायची हौस असेल तर हा गेम दोन तासांत कंटाळा आणेल, कारण इथला खरा खेळ बाजारभावाच्या तक्त्यात आहे. तेव्हा सुरुवात त्या तक्त्यापासूनच करू.

गेममध्ये पन्नासच्या आसपास जिन्नस आहेत आणि प्रत्येकाला एक मूळ भाव आहे: धान्य, लाकूड, कापड २० पौंड, कोळसा ३०, लोखंड आणि अवजारं ४०, पोलाद ५०. मागणी-पुरवठा सारखा असला की हा भाव मिळतो. मागणी पुरवठ्याच्या दुप्पट झाली की भाव ७५ टक्के चढतो आणि तिथेच अडतो. पुरवठा दुप्पट झाला की ७५ टक्के उतरतो आणि तिथेच थांबतो. मागणी त्याच्याही पुढे गेली तर भाव वाढत नाही, पण ‘शॉर्टेज’ लागतं आणि तो माल वापरणाऱ्या कारखान्यांचं उत्पादनच बसतं. एवढाच नियम. पण हा भाव कारखान्याचा नफा ठरवतो, नफा मजुरी ठरवतो, मजुरीवर लोकांची खरेदी ठरते आणि ती खरेदी पुन्हा भावात येते. हे चक्र प्रत्येक देशात, प्रत्येक आठवड्याला खरोखर फिरतं. या जातीच्या बहुतेक गेममध्ये ‘अर्थव्यवस्था’ म्हणजे वरच्या पट्टीतला सोन्याचा एक आकडा असतो, इथे तसं नाही.

हे जवळून बघायचं तर अवजारांचा कारखाना घ्या. आकडे पॅचगणिक, म्हणजे गेमच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीत, थोडे हलतात, पण गणित तेच राहतं. साध्या पद्धतीत एका लेव्हलला (कारखान्याचा आकार लेव्हलमध्ये मोजतात) ३० लाकूड लागतं आणि ३० अवजारं निघतात. मूळ भावाने खर्च ६००, विक्री १२००, हाती ६००. ‘पिग आयर्न’ पद्धत लावली की ३० लाकूड अधिक २० लोखंड, आणि अवजारं ६०. खर्च १४००, विक्री २४००, हाती १०००. माउस नेल्यावर उघडणाऱ्या टूलटिपमध्ये हा फायदा हिरव्या आकड्यात दिसतो, म्हणून नवखा खेळाडू सगळ्या देशातले कारखाने एका क्लिकमध्ये नव्या पद्धतीवर नेतो. पुढे काय होतं? दहा लेव्हल असतील तर बाजारात एकदम २०० लोखंडाची नवी मागणी येते. खाणी तेवढ्या नसतात, लोखंड ७० वर जाऊन टेकतं. तिकडे अवजारं ३०० वरून ६०० झालेली, त्यांना तेवढं गिऱ्हाईक नाही, त्यांचा भाव समजा ३० वर घसरतो. आता हिशेब मांडा: विक्री १८००, खर्च ६०० अधिक १४००, म्हणजे लेव्हलमागे आठवड्याला २०० चा तोटा. कारखान्याचा गल्ला रिकामा होतो, मजुरी कापली जाते, माणसं सोडून जातात, आणि खेळाडू म्हणतो गेममध्ये बग आहे.

बग नाही. पद्धत बदलण्याआधी लोखंडाच्या खाणी वाढवा, लोखंड मूळ भावाच्या खाली आलं की एकेका राज्यातले कारखाने बदलत जा, आणि त्याच वेळी अवजारांना गिऱ्हाईक तयार करा. सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुमचंच बांधकाम खातं. कन्स्ट्रक्शन सेक्टर लाकडावर चालतो तेव्हा लेव्हलला बांधकामाचे २ पॉइंट देतो, लोखंडी सांगाड्यावर ५, पोलादावर १०. लोखंडी सांगाड्याला अवजारंही लागतात. म्हणून क्रम असा: आधी लाकूड, मग लोखंड आणि अवजारं जोडीने, आणि मग बांधकामाची पद्धत. उलट केलंत तर सरकारच महागात माल उचलत बसतं आणि तिजोरीला भोक पडतं.

मजुरांचा हिशेब तर इतका चांगला जमलाय की अर्थशास्त्राच्या वर्गात दाखवावा. सुरुवातीला बहुतेक देशांत बहुतेक माणसं पोटापुरती शेती करणारी असतात. सुरुवातीला लोकसंख्येत कामकरी धरले जातात फक्त २५ टक्के, बाकीचे त्यांच्यावर अवलंबून. बहुतेक कारखान्यांच्या एका लेव्हलला ५,००० माणसं लागतात आणि शेतात जे मिळतं त्याच्या थोडी जास्त मजुरी दिली की ती येतात. म्हणजे शेतकऱ्यांचा साठा आहे तोवर मजुरी वाढतच नाही. तो संपला की कारखाने एकमेकांची माणसं पळवू लागतात, मजुरी चढते, आणि तेव्हा कुठे ऑटोमेशनला अर्थ येतो. शेतकरी शिल्लक असताना ऑटोमेशन चालू करणं म्हणजे स्वस्त माणूस घरी बसवून महाग कोळसा जाळणं. यंत्र हाताशी असूनही स्वस्त मजुरीचे देश ते उशिरा का लावतात, हे इथे भाषणाविना कळतं.

राजकारणही यातूनच उगवतं. जमीनदार, उद्योगपती, धर्मगुरू, कामगार असे गट आहेत आणि त्यांचं वजन त्यांच्या माणसांच्या संपत्तीवर व मताच्या अधिकारावर ठरतं. कारखाने वाढले, भांडवलदारांकडे नफा गेला, की जमीनदारांची पकड आपसूक सैल होते आणि काल अडलेला कायदा आज सुटतो. इंग्लंडात १८४६ मध्ये धान्यावरच्या जकातीचे कायदे रद्द झाले, त्यामागे हीच ओढाताण होती. इथे गेमला शंभरपैकी नव्वद द्यायला हरकत नाही.

आता कापूस. इथे मात्र डोकं धरावं लागतं.

‘व्हिक्टोरिया ३’ मध्ये कापसाचा मळा कापूस देत नाही, थेट कापड देतो. तक्त्यातल्या त्या जिनसाचं नावच ‘फॅब्रिक’. मेंढ्या-गुरांच्या कुरणातूनही तेच फॅब्रिक निघतं. मग ‘टेक्स्टाइल मिल’ काय करते? फॅब्रिक घेऊन कपडे शिवते. तिच्या सुधारणा म्हणजे रंगाईचे कारखाने आणि शिवणयंत्रं. चाती नाही, चरखा नाही, सूत नाही. मागाचं नाव येतं ते फक्त ऑटोमेशनच्या पर्यायात, मजूर कमी करायला. म्हणजे गेममधली गिरणी ही शिंप्याचं मोठं दुकान आहे. ज्या शतकाची सारी उलथापालथ सूतकताई आणि विणकामावर झाली, ज्यात मँचेस्टरच्या गिरण्यांनी हातमागाचा धंदा मोडला, त्या शतकाच्या गेममध्ये नेमका तोच मधला टप्पा गायब. गिरणगावात किंवा सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगा, तो हसेल. गंमत म्हणजे २०१० च्या ‘व्हिक्टोरिया २’ मध्ये कापूस, कापड आणि कपडे असे तीन वेगळे जिन्नस होते. थोरल्या भावाला जमत होतं ते धाकट्याने सोडून दिलं.

याचा परिणाम नुसता नावापुरता नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या काही दशकांत मुंबईचं सूत चीनला जाऊ लागलं. कापूस परदेशी पाठवायचा की इथेच त्याचं सूत काढून विकायचं, हा त्या काळातला खरा आर्थिक प्रश्न होता. गेममध्ये तो विचारताच येत नाही, कारण सूत हा मालच नाही. भारतीय राज्य घेऊन खेळताना तुम्ही मळे लावता, फॅब्रिक ब्रिटिश बाजारात जातं, आणि तुमचे गरीब लोकही तेच फॅब्रिक अंगावर घालायला विकत घेतात. विणकर बेकार झाला हे कुठल्या तक्त्यात दिसणार?

७५ टक्क्यांची मर्यादाही इथेच नडते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लिव्हरपूलला कापसाचा भाव तिपटीच्याही वर गेला. मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बेच्या भरावाचे शेअर अंगावर घ्यायला लोक धावले, प्रेमचंद रायचंद या सटोडियाचं नाव घरोघर झालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडला आणि कंपन्या व बँका पत्त्यांसारख्या कोसळल्या. गेममध्ये मूळ भाव २० असलेलं फॅब्रिक ३५ च्या वर जाऊ शकत नाही. तेजीच अर्धवट, मग मंदी कुठून येणार! शेअर बाजार नाही, सट्टा नाही, बँक बुडत नाही. १८७३ सारखं जागतिक संकट शंभर वर्षांत एकदाही आपसूक येत नाही. अर्थव्यवस्था वाढते, युद्धाने किंवा क्रांतीने दचकते, पुन्हा वाढते. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्याला हा स्वर्ग वाटला असता.

इथून पुढे गेमचा कच्चा भाग सुरू होतो: पैसा. सगळं जग पौंडात चालतं. प्रत्येक देशाची टांकसाळ त्याच्या जीडीपीच्या प्रमाणात पैसा पाडते, सोन्याची खाण असेल तर भर पडते. विनिमयाचा दर नाही, चलनफुगवटा नाही, चांदी तर नाहीच. आणि चांदीवाचून या काळातला हिंदुस्थान कसा समजणार? १८७० च्या सुमाराला रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता. युरोपातले देश एकामागून एक सोन्याकडे वळले, चांदी उतरली, रुपयाही उतरला, आणि शेवटी १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाण्यांसाठी बंद झाल्या. पुढे दर एक शिलिंग चार पेन्सांवर बसवला गेला. दरम्यान ‘होम चार्जेस’, म्हणजे लंडनला दरसाल भरायची रक्कम, पौंडात होती. रुपया उतरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये, म्हणजे रयतेवर जास्त कर. त्याच वेळी मुंबईच्या गिरणीवाल्यांना स्वस्त रुपया मानवत होता, कारण चीनही चांदीवर होता. एकाच घसरणीने शेतकरी पिचतो आणि गिरणीवाला सावरतो, असा पेच ज्या यंत्रणेत मांडताच येत नाही तिला चलनाच्या बाबतीत वास्तववादी म्हणणं कठीण.

कर्जाचंही तसंच. सरकारला कर्ज मिळतं ते देशातल्या कारखान्यांच्या गल्ल्यात किती रोकड साठली आहे त्यावर. लंडन-पॅरिसच्या बाजारात रोखे विकायची सोय नाही. फार तर एखादी महासत्ता तुमचं कर्ज अंगावर घेते आणि त्या बदल्यात तुम्ही तिच्या उपकाराखाली राहता. परिणाम असा की कर्ज हे गेममध्ये जवळजवळ निरुपद्रवी आहे. सुरुवातीची पंधरा-वीस वर्षं तोट्यात राहून बांधकाम चालू ठेवणं हीच शहाणी चाल, कारण वाढीचा वेग व्याजापेक्षा जास्त असतो. फक्त मर्यादेला धडकू नका. उलट सोनं साठवणारा मूर्ख ठरतो, कारण साठा ठराविक मर्यादेपुढे गेला की त्यात भर पडणं मंदावतं. आता हे ज्ञान घेऊन इजिप्त खेळा. खऱ्या इतिहासात खेदिव इस्माईलने त्याच कापूस-तेजीच्या जोरावर कर्जं काढली, १८७५ मध्ये सुएझचे शेअर ब्रिटनला विकले, १८७६ मध्ये दिवाळं निघालं आणि परकी सावकारांचे प्रतिनिधी तिजोरीत येऊन बसले. गेममधला इजिप्त निवांत कर्ज काढून आगगाड्या बांधतो.

आणि सामान्य माणसाला तर कर्जच नाही. पॉप्सना, म्हणजे गेममधल्या लोकांच्या गटांना, उत्पन्न आहे, राहणीमानाचा आकडा आहे, खाती नाहीत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली, दख्खनचे दंगे तिथून पसरले. कापसाचा भाव पडलेला, शेतसारा वाढलेला, आणि मधे सावकार. गेममध्ये भाव पडला तर राहणीमान उतरतं आणि त्या भागात ‘रॅडिकल’, म्हणजे सरकारवर चिडलेले लोक, वाढतात, इथवर बरोबर. पण जाळायला वहीच नाही.

असं असूनही हिंदुस्थानच्या बाबतीत एक गोष्ट पॅचांमधून सुधारत गेली आहे. जून २०२४ च्या १.७ पॅचने मालकीची पद्धत बदलली. आता प्रत्येक इमारतीचा मालक कोण ते कळतं: त्या राज्यातली जमीनदारी, सरकार, कामगार, किंवा दूरच्या शहरातला ‘फायनान्शियल डिस्ट्रिक्ट’, म्हणजे भांडवलदारांची पेढी. हिंदुस्थानातला मळा उघडून मालकीच्या रकान्यात लंडनचं नाव दिसलं की त्याचा लाभांश तिकडे जातो. तिथल्या भांडवलदाराची श्रीमंती वाढते, तोच पुन्हा गुंतवतो, त्याच्याच खरेदीने तिथल्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. इथे राहते फक्त मजुरी. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीची गळती म्हटलं ती आता दोन क्लिकमध्ये आकड्यात दिसते. सुरुवातीच्या आवृत्तीत यातलं काहीच नव्हतं. अंकित राज्य मालकाला उत्पन्नाचा ठराविक हिस्सा देतं, एवढंच होतं.

रेल्वेचंही बरं जमलंय. राज्यातल्या इमारती ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ वापरतात. ते कमी पडलं की मार्केट ॲक्सेस १०० टक्क्यांच्या खाली येतो आणि तिथला माल बाजारात नीट पोचत नाही. गावात धान्य पडून आणि शहरात महाग, असा प्रकार. उपाय रेल्वे, पण रेल्वे सुरुवातीला तोट्यात चालते, म्हणून तिच्यावर ‘सबसिडाइज’ची, म्हणजे तोटा सरकारने भरण्याची, खूण करून ठेवावी लागते, नाहीतर ती माणसं सोडते आणि अख्ख्या राज्याचा धंदा बसतो. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला कंपनी सरकारने पाच टक्के परताव्याची हमी का दिली होती, १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी कुणाच्या पैशाच्या भरवशावर धावली, हे या एका खुणेत कळतं. हमीमुळे खर्चाला लगाम राहिला नाही ही तेव्हाची तक्रार मात्र गेममध्ये उतरलेली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये खास हिंदुस्थानवर ‘पिव्हट ऑफ एम्पायर’ हे डीएलसी, म्हणजे वेगळं विकत घ्यायची पुरवणी, आलं. सोबतच्या १.८ पॅचने दुष्काळ, टोळधाड, पूर अशी पिकांवरची संकटं आणली, आणि ती मोफत आहेत, डीएलसी न घेणाऱ्यालाही. धान्य बाहेर विकणाऱ्या देशात दुष्काळ पडला तर निर्यात आपोआप थांबत नाही, हे बघून १८७६-७८ चा दुष्काळ आठवतो. डीएलसीत घटना आणि चित्रं भरपूर, अर्थव्यवस्थेत भर थोडी. भारतीय राज्य वारंवार खेळणार असाल तरच घ्या. जून २०२५ च्या १.९ पॅचने व्यापार बदलला: आधी एकेक व्यापारी मार्ग हाताने टाकावा लागे, आता व्यापार केंद्रं स्वतःच भावातली तफावत बघून माल हलवतात आणि तुमच्या हाती जकात राहते. कटकट कमी झाली आणि इतिहासाच्याही जवळ गेलं.

युद्धाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आघाडीवर सेनापती नेमायचे आणि वाट बघायची. बंदुका-तोफांचा पुरवठा बाजारातून येतो, म्हणून दारूगोळ्याचे कारखाने युद्ध पेटण्याच्या दोन-तीन वर्षं आधी लावा. बाकी ज्याला लढाया हव्यात त्याने दुसरा गेम बघावा.

कोणता देश घ्यायचा? पहिल्यांदा स्वीडन: लोखंड, लाकूड घरचं, शेजारी शांत. मग बेल्जियम: कोळसा-लोखंड आहे पण माणसं थोडी, म्हणून मजुरी लवकर चढते आणि ऑटोमेशन शिकायला मिळतं. शीख साम्राज्य १८३६ मध्ये स्वतंत्र आहे, पण शेजारी कंपनी सरकार. दोन-तीन डाव पचवल्यावरच तिकडे वळा. कंपनी सरकार पहिल्याच डावात घेऊ नका, एवढ्या लोकसंख्येत कुठल्या बदलाचा काय परिणाम झाला ते समजत नाही.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा. १९०० नंतर संस्कृती, धर्म, पेशा आणि इमारत यांनुसार लोकांचे इतके तुकडे पडतात की आठवड्याचा हिशेब मंदावतो आणि गेम रांगायला लागतो. १६ जीबी रॅम ठेवाच. मूळ गेम सेलमध्ये घ्या, डीएलसी लागलीच नकोत. यंत्रणेतले बहुतेक मोठे बदल मोफत पॅचमधूनच येतात. आणि लांबचा डाव चालू असेल तर मोठा पॅच येण्याआधी स्टीम या गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या ॲपमध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘बीटाज’खाली सध्याची आवृत्ती निवडून ठेवा. नाहीतर १८८० पर्यंत आणलेला डाव नव्या आवृत्तीत उघडल्यावर निम्म्या कारखान्यांचा ताळेबंद लाल झालेला असतो.